संप्रेरके आणि दृष्टिपटलाचे रक्षण : एरिथ्रोपोएटिनविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना :
मानवी दृष्टिपटलातील चेतापेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच त्या मरण्यापूर्वीच त्यांचे रक्षण करणाऱ्या द्रव्याचा शोध महत्त्वाचा ठरतो. या संदर्भात एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक विशेष चर्चिले गेले. मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे हे संप्रेरक तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देते. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
२००२ मध्ये ख्रिस्तियन ग्रिम व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रखर प्रकाशामुळे होणाऱ्या इजेपासून हे संप्रेरक प्रकाशग्राही पेशींना वाचवते, असे त्यांत आढळले. इजा झाल्यानंतर दिले तरी ते उपयोगी पडले. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण झाली. परंतु २००४ मध्ये याच गटाने दाखवून दिले की, आनुवंशिक ऱ्हासात हे संरक्षण मिळत नाही. म्हणजेच इजा आणि रोग यांना एकच न्याय लावता येत नाही.

२००५ मध्ये जपानी संशोधकांनी दुसरी बाजू पुढे आणली. मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराच्या प्रगत अवस्थेत डोळ्यातील काचद्रवात या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते आणि ते नव्या, अनिष्ट रक्तवाहिन्यांच्या वाढीस हातभार लावते. जे पेशीचे रक्षक, तेच रक्तवाहिन्यांच्या बाबतीत घातक ठरू शकते.

दृक्‌चेतादाहात दृष्टिपटलातील गुच्छिकापेशींच्या तंतूंची हानी होते. त्यावर २०१२ मध्ये जर्मनीत ४० रुग्णांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चेतातंतूंचा थर अधिक टिकून राहिल्याचे दिसले. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०८ रुग्णांच्या ‘टोन’ चाचणीत तीन दिवस प्रतिदिनी ३३,००० एकक मात्रा देऊनही लाभ आढळला नाही. चेतातंतूंच्या थराची जाडी आणि मंद विरोधाभासातील दृष्टी या दोन्ही निकषांवर संप्रेरक निष्प्रभ ठरले.

येथे पद्धतीचा प्रश्न उपस्थित होतो. प्रयोगशाळेत इजेची वेळ ठाऊक असते. रुग्ण मात्र दृष्टी मंदावल्यावरच येतो. शिवाय थराची जाडी टिकणे म्हणजे दृष्टी टिकणे नव्हे.

समारोप :
एरिथ्रोपोएटिनचे अपयश हे संप्रेरकोपचाराच्या संकल्पनेचे संपूर्ण अपयश मानता येणार नाही. तथापि, प्राण्यांवरील यश व लहान अभ्यासांतील संकेत यांना उपचार समजण्याची घाई रुग्णाच्या आशेशी खेळणारी ठरते. कोणत्या पेशीचे, कोणत्या आघातापासून आणि कोणत्या वेळी रक्षण करावयाचे, हे निश्चित केल्याशिवाय ‘संरक्षण’ हा शब्द वापरणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरत नाही.