समाजवर्णनाचे पूर्वाधार : प्रत आणि साक्ष

महाराष्ट्रांतील एखाद्या जातीवर वा गांवावर मानवशास्त्रीय निबंध लिहूं इच्छिणारा अभ्यासक पूर्ववाङ्मयाचा आढावा बहुधा एन्थोव्हेनसाहेबांच्या त्रिखंडात्मक ग्रंथापासून आरंभितो. मुंबई इलाख्यांतील जातिजमातींचा हा कोश १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झाला. कुळें, देवकें व विवाहविधि यांची इतकी पद्धतशीर मांडणी एकत्र अन्यत्र मिळणें कठीण. त्याची उपयुक्तता आम्हांस मान्यच आहे.

परंतु तो संग्रहग्रंथ आहे. गॅझेटियरांतील वर्णनें व १९०१ सालीं सुरू झालेली सरकारी पाहणी यांवर त्याची उभारणी आहे. तेव्हां गॅझेटियर व कोश यांत एकच विधान आढळलें म्हणजे दोन साक्षी मिळाल्या, असें मानणें युक्त नव्हे. एकाच पोथीवरून उतरलेल्या प्रती स्वतंत्र पोथ्या होत नाहींत. मूळ लेखकूचा प्रमाद सर्वांत सारखाच उतरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

याचा परिणाम केवळ ग्रंथापुरता राहत नाहीं. अमुक जमात जन्मतःच चोर, हें उसनें वाक्य कागदोपत्रीं फिरत राहिलें. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा याच समजुतीवर उभा होता. १९५२ सालीं तो रद्द झाला. कलंक मात्र पुसला गेला नाहीं.

म्हणून प्रत्येक आधाराचा हेतु व उगम पाहावा. स्टीलसाहेबांचा १८२७ चा ग्रंथ न्यायदानाच्या सोयीसाठीं झाला. जातींच्या पुढाऱ्यांनीं सांगितलेली रूढि त्यांत मिळते, सर्वांचें वर्तन नव्हे. डॉक्टर कोट्स यांनीं पुण्याजवळच्या लोणी गांवाचें केलेलें वर्णन १८२३ सालीं छापलें गेलें. तें एका गांवापुरतें, पण प्रत्यक्ष पाहून लिहिलेलें आहे. म्हणूनच घुर्ये यांस त्याच गांवाची पुन्हा पाहणी करून १९६० सालीं तुलना प्रसिद्ध करितां आली. आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५) हाही अनुभवाचा ग्रंथ होय.

या सर्वांहून जुनी साक्ष वतनाच्या महजरांत आहे. गोतसभेस कोण बसले, पाटलाची नांगराची निशाणी कोठें उमटली, बलुतेदारांचीं नांवें कोणत्या क्रमानें आलीं, यांत गांवाची रचना दिसते. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, महजर छापतांना निवाड्याखालील ही नांवनिशी गाळूं नये. इतिहासकारास ती पुष्कळदां शेपूट वाटते. समाजशास्त्रज्ञास तोच मुख्य मजकूर आहे.