ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे दोन तास: एका चांगल्या पेपरची चिरफाड

गेल्या हिवाळ्यात माझ्या मावशीने फोनवर विचारलं, "अगं, तू एवढं शिकतेस, तर एक सांग. मी सकाळी चालायला जाऊ की नको?" मावशीला सीओपीडी आहे. सिगारेट तिने आयुष्यात हातात धरलेली नाही, पण गावी वीसेक वर्षं चुलीपुढे बसली. आता पुण्यात हायवेच्या जवळ राहते. डॉक्टर म्हणतात रोज चाला. शेजारच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली की रस्त्यावर चालल्याने व्यायामाचा फायदा पुसला जातो. आता तिने कोणाचं ऐकायचं?

ती बातमी ज्या पेपरवरून आली तो मी आधी वाचलेला होता. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या गटाचा, पहिलं नाव सिन्हराय. मावशीला उत्तर द्यायचं म्हणून परत काढला आणि या वेळी पेन्सिल घेऊन बसले. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय त्यांना पॅनेल हमखास विचारतं, "अलीकडे वाचलेल्या एखाद्या पेपरवर टीका करा." आपण दोन ठरलेली वाक्यं फेकतो: सॅम्पल लहान होतं, आणखी संशोधन व्हायला हवं. ही वाक्यं कुठल्याही पेपरला चिकटतात, म्हणून ती टीका नव्हे. हा पेपर घेऊन बघू.

आधी त्यांनी काय केलं ते. साठ आणि त्यापुढच्या वयाचे ११९ लोक. त्यात ४० जण सीओपीडीचे, ३९ जण हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे, ४० जण या आजारांपासून मुक्त. प्रत्येकाने एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायचं आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास. कुठे आधी जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, रँडम ठरवलेलं. चालण्याआधी, चालताना आणि नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत मोजमापं: स्पायरोमीटरमध्ये फुंकणं, धमन्यांचा ताठरपणा, लक्षणं. सोबत हवेतला काळा कार्बन, नायट्रोजन डायऑक्साइड, पीएम २.५ आणि अतिसूक्ष्म कण, म्हणजे ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान, हेही मोजले.

जागेची निवड बघा. अभ्यासाच्या काळात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खासगी मोटारींना दिवसा बंदी होती, धावायच्या त्या मुख्यतः डिझेलच्या बसेस आणि टॅक्सी. रस्त्याचं पश्चिम टोक जवळजवळ हाइड पार्कला टेकतं. म्हणजे शहर तेच, हवामान साधारण तेच, फरक मुख्यतः वाहतुकीच्या धुराचा. याच जोडीवर २००७ साली दम्याच्या ६० रुग्णांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला होता. त्यात रस्त्यावर चालल्यावर एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ६.१ टक्क्यांपर्यंत घटली होती. पार्कातली घट त्याहून बरीच कमी.

या पद्धतीला क्रॉसओव्हर म्हणतात. तिची ताकद अशी की प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल असतो. सीओपीडीचे दोन रुग्ण कधीच सारखे नसतात. वय वेगळं, औषधं वेगळी, किती वर्षं धूर घेतला ते वेगळं. दोन स्वतंत्र गट केले असते तर या गोंधळात छोटा परिणाम बुडून गेला असता. इथे रस्त्यावरचे जोशी आणि पार्कातले जोशी एकच असतात. म्हणून "फक्त चाळीस रुग्ण" ही टीका इथे निम्मी लंगडी पडते. मुलाखतीत हे म्हणालात तर समोरचा लगेच विचारेल, क्रॉसओव्हरमध्ये चाळीस म्हणजे किती?

आता पेन्सिल.

गोषवाऱ्यात म्हटलंय की सीओपीडीच्या रुग्णांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटनंतर जास्त खोकला, जास्त कफ, जास्त धाप आणि जास्त घरघर सांगितली. चार लक्षणं, एकाच वाक्यात, एकाच सुरात. आता कंसातले आकडे वाचा, जे आपण सगळेच उड्या मारून पार करतो. कफाचा ऑड्स रेशो ३.१५, कॉन्फिडन्स इंटर्व्हल १.३९ ते ७.१३. घरघरीचा ४.००, इंटर्व्हल १.५२ ते १०.५०. ठीक. पण खोकल्याचा १.९५, इंटर्व्हल ०.९६ ते ३.९५. धापेचा १.८६, इंटर्व्हल ०.९७ ते ३.५७. हे दोन्ही १ ला ओलांडून खाली उतरतात. लेखकांनी लपवलेलं काही नाही, पी-व्हॅल्यू ०.१ पेक्षा कमी असं सरळ लिहिलंय. तरी वाक्य चौघांना एका पंगतीत बसवतं. बातमीदाराने वाक्य उचललं, कंस सोडला.

याचा अर्थ खोकला वाढला नाही असा काढू नका, तीही तितकीच मोठी चूक. ०.९६ आणि १.०१ मध्ये निसर्ग काही भिंत घालत नाही. अर्थ एवढाच की कफ आणि घरघरीबद्दलचा पुरावा खोकला आणि धापेपेक्षा घट्ट आहे, आणि वाक्यात तो फरक दिसायला हवा होता. मावशीचा मुख्य त्रास धाप हा आहे, म्हणून मला तो फरक टोचला.

आणखी एक. ऑड्स रेशो ४ म्हणजे "चौपट लोकांना घरघर" नव्हे. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. पार्कानंतर १०० पैकी ४० जणांना घरघर झाली असं धरा. ऑड्स ४०:६०, म्हणजे ०.६७. त्याच्या चौपट २.६७, म्हणजे १०० पैकी साधारण ७३ जण. चाळीसचे त्र्याहत्तर, दुप्पटही नाही. लक्षण जितकं सर्रास, तितका ऑड्स रेशो फुगलेला दिसतो. सीओपीडीत घरघर ही सर्रासच गोष्ट. वहीत स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा मुद्दा आंधळेपणाचा. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी कुठली हे माहीत नसतं. इथे डोळ्यांना पट्टी बांधली तरी बसचा आवाज आणि डिझेलचा वास कुठे जाणार? माणसाला पक्कं माहीत आहे की आपण "वाईट" जागी चालतोय. मग संध्याकाळी कोणी विचारलं, आज कफ किती झाला, तर उत्तरात त्या माहितीचा अंश येणारच. स्पायरोमीटर आणि धमन्यांची मोजमापं यापासून जास्त सुरक्षित, पण पूर्ण नाहीत, कारण गोंगाट आणि गर्दीचा ताण रक्तवाहिन्यांवर स्वतंत्रपणे परिणाम करू शकतो. ताणाचा वाटा असू शकतो हे संशोधकांनीही मान्य केलंय. त्यावर त्यांचा युक्तिवाद असा की प्रदूषकांचं प्रमाण आणि परिणाम यांची साखळी दिसते. सीओपीडीच्या रुग्णांत नायट्रोजन डायऑक्साइड, अतिसूक्ष्म कण आणि पीएम २.५ यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे फुप्फुसाचे आकडे कमी. युक्तिवाद चांगला आहे. पण जागा दोनच आहेत. ज्या जागी धूर जास्त त्याच जागी आवाजही जास्त. ही गाठ आकडेमोडीने थोडी सैल होते, सुटत नाही. तीच गोष्ट प्रदूषकांमधली: एकाच सायलेन्सरमधून काळा कार्बनही येतो आणि नायट्रोजन डायऑक्साइडही, त्यामुळे गुन्हेगार नेमका कोण हे या डेटातून नाव घेऊन सांगणं अवघड.

आता माझा खरा आक्षेप, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

पेपरचा निष्कर्ष असा की वाहतुकीचा धूर चालण्याचे फायदे रोखतो. निकाल कसे आले होते? पार्कात चालल्यावर तिन्ही गटांत फुप्फुसाची क्षमता वाढली, धमन्यांचा ताठरपणा कमी झाला, आणि हा परिणाम २६ तासांपर्यंत टिकलेला दिसला. रस्त्यावर चालल्यावर हेच फायदे फिके पडले. फिके पडणं आणि नुकसान होणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पण मी त्याच्याही मागे जाते. पार्कातली वाढ चालण्यामुळेच झाली हे कशावरून? या अभ्यासात न चाललेला कोणीच नाही! पार्कातल्या बाकावर दोन तास बसलेला गट नाही, रस्त्याकडेला बसलेला गट नाही. एफईव्ही१ दिवसभरात स्वतःहून वरखाली होतो, पहाटे कमी, दुपारच्या सुमारास जास्त. फुंकायचा सरावही होतो. हिरवळीत जाऊन मन निवांत झालं, त्याचाही वाटा असेल. हे सगळं "चालण्याचा फायदा" या एका शब्दात कोंबलंय.

रस्ता आणि पार्क यांतला फरक मला मान्य आहे. दिवसाची वेळ आणि सराव दोन्हीकडे सारखे असल्यामुळे वजाबाकीत ते निघून जातात, आणि क्रॉसओव्हरची ताकद तिथेच आहे. पण "चालण्याचे फायदे रोखतो" हे वाक्य वेगळ्या वजाबाकीचं आहे: चालणं वजा न चालणं. ती वजाबाकी करायला चार खाने लागले असते: पार्कात चालणं, पार्कात बसणं, रस्त्यावर चालणं, रस्त्यावर बसणं. साठी ओलांडलेल्या आजारी माणसाला चार वेळा बोलवायचं, खर्च दुप्पट, गळती किती. त्यांनी का केलं नाही हे मी समजू शकते. पण जे केलं नाही त्याचा निष्कर्षही लिहू नये.

तुम्हाला हे शब्दांचं कीस काढणं वाटेल. मावशीकडून बघा. तिच्यापुढे हाइड पार्क आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट असा पर्याय नाहीच. तिचा पर्याय आहे रस्त्यावर चालणं किंवा घरात टीव्हीसमोर बसणं. नेमकी हीच तुलना पेपरात नाही, आणि बातमी वाचून लोक नेमका हाच निर्णय घेतात. सीओपीडीत माणूस धापेच्या भीतीने चालणं सोडतो, पायांचे स्नायू रोडावतात, मग थोड्या चालण्यानेही जास्त धाप लागते, मग आणखी बसून राहतो. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, या आजारातल्या उत्तम पुरावा असलेल्या उपचारांपैकी एक आहे. "फायदा पुसला जातो" हे वाक्य अशा माणसाला बसून राहायला सबळ कारण देतं. शिवाय एका दिवसाच्या दोन तासांवरून सहा महिने रोज चालणाऱ्याबद्दल काही सांगता येत नाही.

लंडनहून पुण्यात येतानाही जपून. त्या अभ्यासातले रुग्ण गोल्ड स्टेज २ चे, आजार स्थिर असलेले, वर्षभर तरी सिगारेट न ओढलेले होते. अधिक गंभीर रुग्ण नव्हतेच, आणि ते बरोबरही होतं, त्यांना मुद्दाम धुरात कोण चालवेल? पण त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांच्याबद्दल पेपर गप्प आहे. ब्रिटनमध्ये सीओपीडीचं मुख्य कारण तंबाखू. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे: २०१६ च्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीच्या ओझ्यातला ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, घरातलं आणि बाहेरचं धरून, आणि २५.४ टक्के तंबाखूचा. पुण्यातले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर २००९ साली 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं होतं, तो लेख शोधून वाचा. आणि "आपल्याकडे हवा तिप्पट वाईट, म्हणजे परिणाम तिप्पट" असा त्रैराशिकाचा हिशोब करू नका. डोस आणि परिणामाची रेघ सरळ असतेच असं नाही.

एवढं बोलून मी हा पेपर माझ्या प्रबंधात वापरणार का? हो. रहदारीच्या रस्त्यावर दोन तास घालवले तरी सीओपीडीच्या रुग्णाच्या श्वासात मोजता येईल असा फरक पडतो, हे इतक्या नीटपणे दाखवणारे अभ्यास फार नाहीत. हृदयरुग्णांत औषधांनी परिणाम कमी होत असावा हा धागाही मला आवडला. फक्त मी वाक्य असं लिहीन: "वाहतुकीच्या रस्त्यावर चालल्यानंतरची सुधारणा उद्यानात चालल्यानंतरच्या सुधारणेपेक्षा कमी होती." बातमीला चटकदार नाही, माझ्या गाईडना चालेल.

मावशीला मात्र वाक्य नको होतं, उत्तर हवं होतं. मी म्हणाले, चालणं सोडू नकोस. हायवेच्या कडेने नको, सोसायटीच्या मागच्या गल्लीतून जा. आणि हिवाळ्यात पहाटे साडेपाचला नको. थंडीत गार हवा जमिनीलगत अडकते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, धूर तिच्याखालीच राहतो, ऊन चढल्यावर मोकळा होतो. पहाटेची हवा शुद्ध हे दरवेळी खरं नसतं. पंपाचं डॉक्टरांना विचारून घे.

"मागच्या गल्लीत कुत्री आहेत," मावशी म्हणाली. यावर माझ्याकडे पेपर नव्हता.