बिनबियांची द्राक्षं आणि बियांचा अर्क

नाशिकमध्ये उभं राहून द्राक्षावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. दिंडोरी-निफाडकडे ज्यांची बाग आहे, ते माझी चूक लगेच पकडतील. पण आज मला बागेबद्दल नाही, बाटलीबद्दल बोलायचंय. औषधांच्या दुकानात ‘द्राक्षबियांचा अर्क’, ‘रेस्व्हेराट्रॉल’, ‘अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेल्या कॅप्सूल मिळतात. वय थोपवतात म्हणे. पेन्शनमधून दरमहा त्यावर खर्च करणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. तर हा दावा तपासू.

त्याचं मूळ १९५६ सालात आहे. अमेरिकेत डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की, पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा फ्री रॅडिकल तयार होतात, ते पेशींची मोडतोड करतात आणि ती साठत गेली की म्हातारपण येतं. लोखंड गंजतं तसं शरीर गंजतं. मग गंज थांबवणारी गोळी घ्या! हे पटतं, कारण ते सोपं आहे.

शिवाय फळं-भाज्या भरपूर खाणारे लोक कमी आजारी पडतात, असंही दिसत होतं. पण असा माणूस बहुधा विडी-सिगारेटही कमी ओढतो, जास्त चालतो, त्याची कमाईही जरा बरी असते. मग श्रेय कोणाला द्यायचं? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली.

फिनलंडमध्ये हे केलं गेलं. धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन, म्हणजे आपल्या गाजरातलं द्रव्य, गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. पुढे २००७ मध्ये ६८ चाचण्यांचा, २,३२,६०६ लोकांचा एकत्र आढावा निघाला. त्यातल्या काटेकोर चाचण्यांत बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचे मृत्यू कमी नव्हते, थोडे जास्तच होते. क जीवनसत्त्वानंही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, ती जुनी जीवनसत्त्वं. रेस्व्हेराट्रॉल वेगळं.’ बरं, तेही पाहू. डावणीसारखी बुरशी पडली की वेल स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं बनवते, त्यातलं हे एक. २००६ मध्ये चरबीयुक्त खाणं दिलेले उंदीर यामुळे जास्त जगले आणि जगभर बातम्या झाल्या. पण उंदरांना दिलेला डोस होता दर किलो वजनामागे रोज सुमारे २२ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला नुसता गुणाकार केला तरी १,३०० मिलिग्रॅमच्या वर जातो. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये साधारण काही मिलिग्रॅमच असतात. म्हणजे रोज शेकडो लिटर! पुढे साधं खाणं खाणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा त्यांचं आयुष्य वाढलं नाही. इटलीच्या कियांती या वाइनच्या मुलखात ६५ च्या पुढच्या ७८३ जणांना नऊ वर्षं पाहिलं. लघवीत रेस्व्हेराट्रॉलच्या खुणा जास्त असलेले लोक जास्त जगले, असं काही आढळलं नाही.

असं का व्हावं? एक कारण असं की फ्री रॅडिकल नुसते गुंड नाहीत, ते निरोपेही आहेत. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. इन्सुलिनचं काम सुधारण्याचा जो फायदा व्यायामानं व्हायला हवा, तो गोळ्या न घेणाऱ्यांना झाला. घेणाऱ्यांना नाही. प्रयोग लहान होता, पण विचार करायला लावणारा आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २००१ च्या एका मोठ्या चाचणीत, म्हातारपणी नेत्रपटल झिजण्याच्या विकारात, जीवनसत्त्वं आणि जस्त एकत्र दिल्यानं विकार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्के कमी झाला. पण तिथे आजार ठरलेला होता, रुग्ण ठरलेले होते आणि मोजमाप ठरलेलं होतं. तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा उपचार आहे. त्यावरून ‘वय थांबतं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून माझा आक्षेप विज्ञानावर नाही. परीक्षानळीतला निकाल उंदराला, उंदराचा माणसाला आणि आजाऱ्याचा निरोग्याला परस्पर लावला जातो, त्यावर आहे. बाटली हातात घेतलीत की दोनच प्रश्न विचारा: हे कोणावर तपासलं? आणि मोजलं काय, रक्तातला एखादा आकडा की माणसाचं आयुष्य? धूम्रपान करत असाल, तर बीटा-कॅरोटीनची गोळी तर घेऊच नका. आधी ती सिगारेट सोडा.

गंमत बघा. बी दाताखाली येऊ नये म्हणून आपण थॉमसन लावली, बिनबियांची द्राक्षं जगभर पाठवली. आणि आता त्याच बियांचा अर्क बाटलीत भरून आला, की पैसे मोजून घरी आणतो. त्यापेक्षा हंगामात किलोभर द्राक्षं घ्या, स्वच्छ धुऊन नातवंडांबरोबर खा. आयुष्य वाढेल की नाही, ते मी सांगत नाही. संध्याकाळ चांगली जाईल, एवढं नक्की.