'तडीपार'नंतरचा स्टॅन कुणाला हवाय?

धाराशिवहून रेल्वेने पुण्यात उतरलं की स्टेशनच्या मागेच ताडीवाला रोड. अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, तिथला. २०२० साली आलेला त्याचा 'तडीपार' मी लॉकडाऊनमध्ये गावाकडे कोड लिहीत ऐकला. नावच आपल्या ओळखीचं, पोलिसांनी जिल्ह्याबाहेर काढलेला माणूस. एमीवे बंटायशी गाण्यांतून झालेली भांडणं तेव्हा ताजी होती आणि अल्बमभर कुणीतरी शत्रू समोर उभा असल्यासारखा स्टॅन बोलत होता.

२०२२ मध्ये 'इन्सान' आला. सगळीकडे ऑटोट्यून. आमच्या ग्रुपवर निकाल लागला, "संपला लका हा." ऑटोट्यून आवाजाला जवळच्या सुराकडे ओढतं, हे ओढणं एकदम झटक्यात ठेवलं की आवाज माणसाचा राहत नाही. दोष लपवायला ते वापरतात, मान्य. पण इथे त्यामुळे समोरचा शत्रूच गायब होतो. उरतो खोलीत एकटा बसून स्वतःशी पुटपुटणारा पोरगा. काही गाणी एकमेकांत विरघळून जातात, तरी मला हा अल्बम जास्त धाडसाचा वाटतो. बायकांबद्दलची भाषा मात्र त्याने बदलली नाही, आणि आम्ही चाहते त्यावर सोयीस्कर गप्प बसतो.

मग १२ फेब्रुवारी २०२३ ला तो 'बिग बॉस १६' जिंकला. देशाला काय आवडलं? ८० हजारांचे बूट, 'शेमडी', वस्तीतला पोरगा. पुढच्याच महिन्यात गाण्यांतल्या शिव्यांवरून करणी सेनेने इंदूरचा त्याचा कार्यक्रम बंद पाडला. डोक्यावर घेणारे आणि स्टेजवरून उतरवणारे, दोघांच्याही डोळ्यांसमोर जुना 'तडीपार'च होता. 'इन्सान'मधला आवाज कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. (त्याच फेब्रुवारीत आमच्या उस्मानाबादच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली. गावाकडच्या एसटीत कंडक्टर मात्र अजून दोन्ही नावं घेतो.)

हे मला लागतं, कारण पुण्यातल्या ऑफिसात पहिल्या वर्षीच मी 'लका' सोडलं. आता मीटिंगमध्ये माझं मराठी कुठलं ते ओळखू येत नाही. टीम जेवायला बाहेर गेली की मात्र फर्माईश होते, "ते तुमच्याकडचं बोल ना." मी बोलतो. सगळे हसतात, मीही हसतो. परतताना कॅबमध्ये हेडफोन लावून 'इन्सान' ऐकतो.