सगळ्यांनी ५ वर खूण केली, म्हणजे ध्येय एक झालं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रश्नावली केली होती. 'शाळेचं ध्येय मला माझं वाटतं' असं विधान आणि पुढे १ ते ५ असे पर्याय. एका मिशनच्या शाळेत ती मुख्याध्यापकांच्या हातून वाटली गेली आणि त्यांच्याच टेबलावर परत जमा झाली. जवळजवळ सगळ्यांनी ५ वर खूण केली. मी खूश! गाईडनी एवढंच विचारलं, "५ सोडून दुसरं काही लिहायची सोय होती का?" ती सगळी माहिती टाकून द्यावी लागली.

मग ज्या पुस्तकावरून मी ती प्रश्नावली बेतली होती, ते पुन्हा सावकाश वाचलं. अँथनी ब्राइक, व्हॅलेरी ली आणि पीटर हॉलंड यांचं 'कॅथलिक स्कूल्स अँड द कॉमन गुड' (हार्वर्ड, १९९३). ख्रिस्ती शाळांमधल्या शिक्षकांच्या सामायिक ध्येयावर काम करायचं असेल तर हे पुस्तक टाळता येत नाही. पण त्याचं काय घ्यायचं आणि काय नाही, हे आधी ठरवा.

पुस्तकाचा प्रश्न साधा आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कुलांत गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या यशातली दरी तुलनेनं कमी का दिसते? लेखकांनी १९८० मध्ये सुरू झालेल्या 'हायस्कूल अँड बियाँड' या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे घेतले आणि सात शाळांत प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. उत्तरात चार गोष्टी निघाल्या: सगळ्यांना जवळजवळ सारखाच अभ्यासक्रम, समुदायासारखी शाळा, शाळेच्या हातात असलेला कारभार आणि प्रेरणा देणारी विचारसरणी.

आपला विषय म्हणजे ही चौथी गोष्ट. इथे लेखकांना दाद द्यायला हवी. 'आध्यात्मिक ध्येय' म्हणजे सकाळची प्रार्थना आणि भिंतीवरचा क्रूस, इतक्यावर ते थांबत नाहीत. प्रत्येक मूल एक व्यक्ती म्हणून मोलाचं आहे, आणि जो निर्णय खालच्या पातळीवर होऊ शकतो तो वर नेऊ नये, ही दोन तत्त्वं ते रोजच्या वागण्यात शोधतात. तास संपल्यावर शिक्षक मुलाशी बोलतो का? मैदानावर असतो का? संकल्पना अशी वागण्यापर्यंत खाली आणणं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता अडचणी बघू.

पहिली अडचण पुराव्याची. समुदायपण लेखकांनी सर्वेक्षणातल्या निर्देशकांवरून मोजलं. विचारसरणीबद्दलचा युक्तिवाद मात्र मुख्यतः निरीक्षणावर आणि चर्चच्या विचारपरंपरेवर उभा आहे. सात शाळांतून 'हे असं घडू शकतं' हे कळतं. 'यामुळेच घडतं' हे कळत नाही. चारही गोष्टी एका यादीत आल्या की त्यांचा पुरावाही सारखाच भक्कम वाटायला लागतो. मीही तिथेच फसले.

दुसरी अडचण काळाची. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत एकेकाळी बहुतेक शिक्षक सिस्टर, ब्रदर किंवा फादर असत. त्यांचं ध्येय व्रतासोबतच आलेलं असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) त्यांची संख्या झपाट्यानं घटली आणि पुस्तक आलं तोवर बहुसंख्य शिक्षक संसारी माणसं होती. व्हॅटिकननं १९८२ मध्ये अशा शिक्षकांसाठी वेगळा दस्तऐवज काढला, तो उगाच नाही. मग या नव्या शिक्षकात ध्येय रुजतं कसं? त्यासाठी त्याच शिक्षकाला रुजू झाल्यापासून काही वर्षं पुन्हापुन्हा भेटायला हवं. पुस्तक ध्येय असल्याचं चित्र दाखवतं. ते घडण्याची प्रक्रिया दाखवत नाही.

तिसरी अडचण निवडीची. शाळेनं माणसं घडवली, की तशीच माणसं शाळेत आली आणि न पटणारी सोडून गेली? विद्यार्थ्यांबाबत हा प्रश्न अल्टोन्जी, एल्डर आणि टेबर यांनी २००५ मध्ये कसून तपासला. शिक्षण पूर्ण करण्यावर कॅथलिक शाळेचा परिणाम टिकला, पण चाचणीतल्या गुणांवरच्या परिणामाला फारसा आधार मिळाला नाही. शिक्षकांबाबतही तितकंच कसून विचारायला हवं, कारण मुख्याध्यापकानं प्रशिक्षणावर खर्च करायचा की भरतीवर, हे त्या उत्तरावर ठरतं.

शेवटी मोजमापाचं. समजा एका शाळेत दहाही शिक्षकांनी ३ दिले. दुसरीत पाचांनी १ आणि पाचांनी ५. सरासरी दोन्हीकडे ३ च. पण पहिलीत एकमत आहे आणि दुसरीत उभी फूट. 'सामायिक' हा शब्द सरासरीत सापडत नाही, तो उत्तरांच्या विखुरण्यात शोधावा लागतो. आणि सगळे ५ आले तर आधी बघा, कागद कुणाच्या हातात परत गेला.

आपल्याकडच्या मिशनच्या शाळांत तर वेगवेगळ्या धर्मांचे शिक्षक असतात. मुलांसाठी जीव टाकणारी, पण प्रार्थनेच्या वेळी गप्प उभी राहणारी बाई तुमच्या प्रश्नावलीत कुठे बसते? तिच्यासाठी रकाना नसेल तर प्रश्नावली अजून तयार नाही. मी माझी नवीन प्रश्नावली तिच्यापासूनच सुरू केली, आणि या वेळी बंद पाकिटं घेऊन स्वतः गेले.