मृगयेचें आणि गळाचें वाङ्मय

व्यवहाराची माहिती देणाऱ्या पुस्तकांस वाङ्मयाच्या पंक्तीला बसवूं नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडील टीकाकारांनीं दीर्घकाल पाळला आहे. पाकशास्त्र, बागाईत, अश्वपरीक्षा किंवा मासे धरण्याची कला ह्यांवरील ग्रंथ उपयुक्त असतील. परंतु त्यांची जागा गरजवंताच्या कपाटांत, रसिकाच्या नव्हे, अशी आपली समजूत. इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करूं लागलें म्हणजे ह्या समजुतीला पहिला धक्का बसतो तो आयझॅक वॉल्टन ह्याच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ ह्या पुस्तकानें. १६५३ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक वस्तुतः गळानें मासे कसे धरावे ह्याचें मार्गदर्शन आहे. आणि तरीहि साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ, ज्यांनीं आयुष्यांत कधीं गळ हातीं धरिला नाहीं असे लोकहि तें आवडीनें वाचीत आले आहेत.

ह्या जातीच्या वाङ्मयाचा पुन्हा विचार करण्याचें निमित्त मला एका पत्रानें मिळालें. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत संसार करून आहे. तिचा चौदा वर्षांचा मुलगा उन्हाळ्यांत शेजाऱ्याबरोबर सरोवरावर मासे धरावयास जातो, आणि यंदा त्याच्याचबरोबर हरणाच्या शिकारीस जाण्याची परवानगी मागत आहे. तिच्या माहेरीं अंडेंदेखील शिजत नसे. ‘सर, त्याला नाहीं म्हणूं, कीं त्याला कांहीं वाचावयास देऊं? द्यावयाचें तर काय देऊं?’ असा तिचा प्रश्न होता.

पत्रासोबत तिनें शेजाऱ्याच्या हस्तपुस्तिकेचीं कांहीं पानें पाठविलीं होतीं. कंटाळा येईल ह्या अपेक्षेनें मीं तीं हातीं घेतलीं, आणि दोनदां वाचलीं. हरणाची भिस्त डोळ्यांपेक्षां नाकावर अधिक. म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल अशाच बाजूनें जावें. पहांटे व सायंकाळीं तें चरावयास निघतें. म्हणून अंधार असतांनाच जागेवर जाऊन बसावें आणि मग हलूं नये. अंगावर भडक नारिंगी कपडा घालावा. हरणास तो रंग माणसाइतका स्पष्ट कळत नाहीं, पण दुसऱ्या शिकाऱ्यास तो दुरूनहि दिसतो. हरीण आडवें उभें असेल तेव्हांच, पुढच्या खांद्याच्या मागें, हृदय व फुप्फुसें ह्यांवर नेम धरावा. तें धांवत असेल, किंवा त्याच्या पलीकडे काय आहे हें दिसत नसेल, तर बार काढूं नये. गोळी लागल्यावर निदान अर्धा तास जागचें उठूं नये. लगेच पाठलाग केल्यास जखमी जनावर दूर पळतें आणि कोणाच्याहि हातीं न लागतां कोठेंतरी तडफडून मरतें. सरोवराविषयीं अशाच सूचना आहेत. उन्हाळ्यांत खोल सरोवराच्या पाण्याचे थर होतात, वर ऊन पाणी आणि खालीं थंड. म्हणून ट्राउटसारख्या थंड पाण्यांतील माशास तेव्हां खोलांत शोधावें, आणि दबा धरून बसणाऱ्या पाइकास पाणवनस्पतींच्या कडेला शोधावें. जो मासा परत सोडावयाचा त्याला कोरड्या हातानें शिवूं नये.

शैली पाहिली तर वाक्यें आंखूड, आज्ञार्थी. विशेषण औषधालाहि नाहीं. परंतु लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवते. ही पुस्तिका मारण्याची कला शिकविते खरी, पण तिच्यांत विधींच्या इतकेच निषेध आहेत. वारा कोणीकडचा, पाणी किती थंड, जनावराची वेळ कोणती, हें जाणून घ्यावयाचें तर माणसाला घटकाभर आपलें नाक सोडून हरणाच्या नाकानें विचार करावा लागतो. इतकी तन्मयता कित्येक भावगीतांतहि सांपडत नाहीं. मात्र एक गोष्ट तिला सांगतां येत नाहीं. पडलेल्या जनावराजवळ गेल्यावर माणसानें काय समजावें, ह्या ठिकाणीं ती मूक होते आणि मांस लवकर थंड कसें करावें ह्या विषयाकडे वळते. जेथें हस्तपुस्तिका मूक होते तेथून वाङ्मयाचें काम सुरू होतें, असें मला वाटतें. आणि ह्याच कसोटीवर मीं पुढील ग्रंथ पारखणार आहें.

हा ग्रंथप्रकार पाश्चात्यांनींच काढला असें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचिलेला ‘मानसोल्लास’ आपण आठवतों तो महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात ह्या त्यांतील उल्लेखासाठीं. पण त्याच ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मृगया आणि मत्स्यविनोद ह्या दोहोंचें सविस्तर निरूपण आहे. माहितीच्या दृष्टीनें तें मोलाचें आहे. परंतु पडलेल्या जनावराजवळ तोहि ग्रंथ थांबत नाहीं.

तेथें थांबला तो कालिदास. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा बाण रोखलेला असतांना तपस्वी मध्यें येतो, हें आश्रमाचें हरीण आहे असें सांगतो, आणि राजा बाण उतरवितो. हें स्थळ सर्वांस पाठ असतें. दुसऱ्या अंकांतील सेनापति मात्र फारसा कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. तो मृगयेचे गुण सांगतो: मेद झडतो, शरीर हलकें होतें, प्राण्यांचे भयक्रोध ओळखूं येतात, चळत्या लक्ष्यावर नेम बसूं लागतो. तो धन्याचें मन राखण्यासाठीं बोलत आहे हें खरें. पण त्याचे मुद्दे खोटे नाहींत. हस्तपुस्तिकेची सारी बाजू कवीनें सेनापतीच्या तोंडीं घातली, उलट बाजू तपस्व्याच्या तोंडीं, आणि दोघांपैकीं कोणालाहि मूर्ख ठरविलें नाहीं.

आतां वॉल्टनकडे वळूं. हा लंडनमधील व्यापारी, राजपक्षाचा. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद १६४९ मध्यें झालेला; देश यादवीनें थकलेला. अशा काळीं त्यानें नदीकांठच्या शांत संभाषणांचें पुस्तक लिहिलें. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत मासे धरणारा, शिकारी आणि ससाणे पाळणारा असे तीन प्रवासी एकमेकांस भेटतात व प्रत्येकजण आपापल्या छंदाची थोरवी गातो. पुस्तकांत चुका आहेत. कांहीं पाइक एका पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतात अशी जुनी समजूत त्यानें तशीच उतरून घेतली आहे. पण त्या चुकांनीं पुस्तकाची गोडी कमी होत नाहीं.

गोडीला बाध येतो तो दुसऱ्याच एका पानानें. पाइकसाठीं जिवंत बेडूक आमिष म्हणून कसा लावावा हें वॉल्टन तेथें सांगतो. तोंडांतून गळ कसा घालावा, बारीक सुईनें व रेशमानें पाय कसा शिवावा, हें सारें सांगून तो म्हणतो कीं, हें करतांना बेडकाला जणूं त्याच्यावर आपलें प्रेम आहे अशा रीतीनें हाताळावें, म्हणजे तो अधिक वेळ जिवंत राहतो. हें पुस्तक मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. गवळणीचें गाणें, पावसांत फुललेल्या कुंपणाखालीं घेतलेला आसरा, हीं स्थळें रंगवून सांगितलीं. बेडकाचें पान मात्र मीं नेहमीं उलटीत असें. एके वर्षीं एका मुलीनें तें घरीं वाचलें आणि वर्गांत विचारलें, ‘सर, बेडकाला काय वाटलें असेल हें लेखकानें पुढें कोठें लिहिलें आहे काय?’ मीं कांहींतरी कोटी केली, वर्ग हंसला, मुलगी खालीं बसली. विस्कॉन्सिनहून पत्र पाठविणारी ती हीच.

बायरननें ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गांत वॉल्टनला क्रूर ठरवून, त्याच्याच घशांत गळ अडकावा आणि एका लहानशा ट्राउटनें तो ओढावा, अशी इच्छा प्रकट केली आहे. मला हा न्याय घाईचा वाटतो. क्रूर माणूस बेडकाकडे इतक्या बारकाईनें पाहत नाहीं. वॉल्टनचा दोष निराळा आहे. त्यानें सर्व पाहिलें. त्याच्या हातांना मार्दवाची गरज कळली. परंतु हातांना जें कळलें तें मनापर्यंत पोहोंचलें नाहीं. मार्दव हें त्याच्या पुस्तकांत साधन होऊन राहिलें.

हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ह्या १९२५ च्या कथेंत ह्याच्या नेमका उलट प्रसंग आहे. युद्धाहून परतलेला निक एकटा मासे धरावयास जातो. युद्धाचें नांवहि कथेंत निघत नाहीं. लहान ट्राउट गळाला लागतो, तेव्हां त्याला सोडविण्यापूर्वीं निक आपला हात पाण्यांत भिजवितो. कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागीं पांढरी बुरशी धरते, हें त्याला ठाऊक आहे. असे मेलेले मासे त्यानें पाहिले आहेत. हस्तपुस्तिकेंतील सूचना हीच. परंतु येथें ती वाचतांना, हा मनुष्य स्वतःहि कोरड्या हातानें शिवूं नये अशा अवस्थेंत आहे, हें लेखकानें न सांगतां आपणांस कळतें. त्याच संग्रहांतील ‘द एंड ऑफ समथिंग’ ह्या कथेंत निक व मार्जोरी सरोवरावर रात्रीसाठीं गळ लावतात. आमिष कसें कापावें, होडींतून दोरी कशी न्यावी, हें तिला त्यानेंच शिकविलें आहे. तें काम दोघेंहि चोख करतात. आणि तें संपल्यावर तो तिला, ह्यांत आतां कांहीं मौज उरली नाहीं, असें सांगतो. ती होडी घेऊन निघून जाते. ज्ञान पुरें आहे, प्रीति सरली आहे. आणि ज्ञानानें त्या ठिकाणीं कांहींच भरून निघत नाहीं.

शेवटचा ग्रंथ त्याच विस्कॉन्सिन राज्यांतला. आल्डो लिओपोल्ड ह्याचा ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हा त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्यें प्रसिद्ध झाला. लिओपोल्ड स्वतः शिकारी होता, आणि शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनावर त्यानें १९३३ मध्यें शास्त्रीय ग्रंथहि लिहिला होता. तरुणपणीं त्यानें व सोबत्यांनीं एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. लांडगे कमी तितकीं हरणें जास्त, हें त्या वेळचें साधें गणित. तो जवळ गेला तेव्हां तिच्या डोळ्यांतील हिरवी ज्योत मावळत होती. गणित चुकलें होतें हें त्याला त्या क्षणीं उमगूं लागलें, आणि पुढें प्रत्यक्ष दिसलें: लांडगे नाहींसे झाले तेथें हरणें वाढलीं, त्यांनीं डोंगर ओरबाडून खाल्ले आणि शेवटीं तीं उपाशी मेलीं. लिओपोल्डनें त्यानंतर बंदूक टाकून दिली नाहीं. त्यानें अधिक कठीण गोष्ट केली. पडलेल्या जनावराजवळ तो थांबला, आणि जें दिसलें तें शिकाऱ्यांनाच सांगितलें. शिकाऱ्याला पाहणारा प्रेक्षक नसतो, म्हणून त्याची नीति त्याच्या एकट्याच्याच स्वाधीन असते, हा त्याचा विचार मला कोणत्याहि माणसाच्या एकांताला लागू पडेल असा वाटतो.

हीं पुस्तकें वाचून शिकारीस जावें कीं जाऊं नये, हें ठरविण्याचा अधिकार टीकाकाराचा नव्हे. मी स्वतः बंदूक हातीं धरणार नाहीं. शिवाय भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणाच्या शिकारीचा प्रश्न आपल्यापुरता सोडविलेलाच आहे. परंतु कायद्यानें सुटलेला प्रश्न मनानें सोडविला असें होत नाहीं. आपण सुशिक्षित मंडळी ‘शिकार’ शब्द ऐकून कान झांकतों, आणि ताटांत काय आलें व कसें आलें ह्याविषयीं विचारीत नाहीं. न पाहणें म्हणजे दया नव्हे. बेडकाचें पान उलटणाऱ्या प्राध्यापकाला हें सांगण्याचा थोडाफार अधिकार असावा.

विद्यार्थिनीला मीं उत्तर पाठविलें तें असें: परवानगी द्यावयाची कीं नाहीं हें तुम्ही उभयतां ठरवा, पण मुलाला लिओपोल्ड आधीं द्यावा, मग हेमिंग्वे, आणि वॉल्टन सर्वांच्या शेवटीं, एकहि पान न वगळतां. तिघेंहि त्याच्याबरोबर तूंहि वाच. खालीं आणखी एक ओळ लिहिली. वर्गांत तूं जो प्रश्न विचारला होतास त्याचें उत्तर ‘नाहीं, लेखकानें तें कोठेंहि लिहिलेलें नाहीं’ असें होतें. आणि तें मीं त्याच दिवशीं द्यावयास हवें होतें.