लस आणि स्वमग्नता : एका शोधनिबंधाची चिकित्सा

१९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा १२ बालकांवरील शोधनिबंध ब्रिटनच्या 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेला लस व स्वमग्नता यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यातच नमूद होते. तरीही पालकांच्या स्मरणातील कालक्रमाला कार्यकारणभाव मानले गेले. लसीकरणाच्या वयातच स्वमग्नतेची लक्षणे सहसा जाणवू लागतात. तुलनागटाअभावी हा योगायोग तपासलाच गेला नाही. २००२ मध्ये डेन्मार्कमधील ५,३७,३०३ बालकांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. निबंध मात्र २०१० मध्ये पूर्णतः मागे घेण्यात आला. पालकांची शंका स्वाभाविक होती. तिची कसोटी लावणे हे परीक्षक-संपादकांचे कर्तव्य होते. १२ वर्षांचा हा विलंब तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकांच्या उत्तरदायित्वावर प्रश्नचिन्ह उभे करतो.